‘श्रोता’ या फोटोविषयी भावोजींना खुलासा

तीर्थस्वरूप भावोजी,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे जेवढं वाकता आलं तेवढंच वाकलो आहे, उरलेलं मनातून समजून घ्यावं.) इकडे सगळं ठीक. म्हणजे मी ठीक आहे, आणि ही माझ्याशी कामापुरतं बोलते. तुमचा डावा गुडघा आता कसा आहे? ताईने हिला फोनवर जे सांगितलं ते ही शेजारणीला सांगत असताना माझ्या कानावर आलं. त्यावरून समजलं की गुडघा चढताना बरा असतो, उतरताना धरतो. तसं असेल तर मागच्या रविवारी आमचे तीन मजले तुम्ही ज्या वेगाने उतरलात, त्याचा तुम्हाला त्रास झाला असणार. लिफ्ट चालू होती. कठड्यावरून वाकून मी तसं ओरडून सांगितलंही (कंबर तेव्हाच धरली), पण तोवर तुम्ही फाटकाबाहेर होतात आणि ताई तुमची पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्यावर होती.

हाताने पत्र लिहिण्याचं कारण असं की, मी मोबाईलवर पाठवलेले सगळे मेसेज तुम्हाला पोचले आहेत. नुसते पोचले नाहीत, वाचूनही झाले आहेत; खुणा निळ्या झालेल्या मला दिसतात. पूर्वी पत्राला उत्तर आलं नाही तर माणूस पोस्टमनला दोष देऊन निवांत राहायचा. आता यंत्र स्वतःहून कळवतं की, समोरच्याने वाचलं आहे आणि त्याला तुमच्याशी बोलायचं नाही. याला लोक सोय म्हणतात. कागदावर निळी खूण उमटत नाही, तेव्हा हे पत्र वाचूनही तुम्ही वाचलं नाही असं खुशाल म्हणू शकता. एवढी मोकळीक मी तुम्हाला देतो आहे, हे ध्यानात घ्यावं.

आता मुद्द्याचं. हिचं म्हणणं असं आहे की, तुम्ही यापुढे आमच्या घरात पाऊल टाकणार नाही. ताई येईल, पण एकटी येईल, पर्स मांडीवर धरून बसेल आणि चहा अर्धा ठेवून उठेल. हे व्हायला नको असेल तर मी माफी मागावी, असंही हिचं म्हणणं आहे. मलाही ते व्हायला नको आहे. पण मी माफी मागणार नाही, खुलासा करणार आहे. दोन्हींत फरक आहे. (आमच्या वजनमाप खात्यात दुकानदाराचा काटा चुकीचा निघाला की आम्ही खुलासाच मागवतो. माफीने काटा सरळ होत नाही.)

रविवारी काय झालं ते क्रमाने सांगतो. तुम्ही दोघं निघाल्याचा ताईचा फोन आला तेव्हा मी बाहेरच्या खोलीत लेन्स पुसत होतो. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘भावोजी येतायत. आधी त्यांचा फोटो काढा, मग बाकीचं.’’ हे वाक्य तुम्ही एकदा मुख्याध्यापकाच्या नजरेने तपासून पाहावं. तुमची सगळी हयात मुलांना व्याकरण शिकवण्यात गेली. एक माणूस येतो आहे आणि त्याचा फोटो काढायचा आहे, असं सांगितल्यावर कॅमेरा बाळगणारा दुसरा माणूस काय करील? मी लेन्स बदलली, फ्लॅश बसवला आणि दाराकडे तोंड करून उभा राहिलो. हिच्या मनात मात्र भिंतीवरचा फोटो काढायचा होता. आता भिंतीवरचा फोटो ‘उतरवतात’, फार तर ‘खाली घेतात’. पण ही म्हणते, घरात सगळंच काढतात, चपला काढतात, जळमटं काढतात, मग फोटो का नाही? यावर मी कपाटातून शब्दकोश काढला. (पाहा.) ‘काढणे’ बघायला म्हणून शिरलो तो जेवणाची वेळ टळली तरी बाहेर आलो नाही. माणूस दात काढतो, खोड्या काढतो, माग काढतो, वाईट दिवस काढतो, दुसऱ्याच्या चुका काढतो, दूर गेलेल्यांची आठवण काढतो आणि रुसलेल्यांची समजूत काढतो. एवढ्या सगळ्या भानगडींना आपल्या भाषेत एकच क्रियापद पुरतं. साध्यातल्या साध्या कॅमेऱ्यालासुद्धा फोटो काढायचं बटण वेगळं असतं आणि काढून टाकायचं वेगळं असतं. भाषेला अशी बटणं कुणी बसवलेली नाहीत, आणि त्याचं खापर माझ्यावर फोडण्यात येत आहे.

तर तुम्ही उंबऱ्यात आलात, मी फोटो काढला, फ्लॅश डोळ्यांवर पडला म्हणून तुम्ही तोंड फिरवलंत, आणि फिरवलंत ते नेमकं त्या भिंतीकडे. तिथे साडेतीन फूट रुंदीचा फोटो होता. त्यात रिकाम्या खुर्च्यांच्या रांगाच रांगा होत्या, त्यांच्या मधोमध तुम्ही, आणि खाली पितळी पट्टीवर कोरलेलं नाव : श्रोता.

हा फोटो कसा निघाला ते तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही तिथे होतात. म्हणून सविस्तर सांगतो. (शिवाय हे पत्र ताईही वाचणार. तुमची पत्रं तीच आधी उघडते.) ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान होतं. विषय, ‘कॅमेरा शहाणा झाला, आता तुमचं काय?’. दिलेली वेळ पाऊण तास. ग्रंथपाल म्हणाले होते की लोक येतात, आणि खरंच लोक आले. पहिल्या रांगेत दोन बायका होत्या, त्या खालच्या मजल्यावरच्या नृत्यवर्गातून मुली सुटेपर्यंत टेकायला आल्या होत्या. मुली सुटल्या, त्या गेल्या. भिंतीलगत काही कॉलेजची मंडळी होती. त्यांना मी जिज्ञासू समजत होतो, पण ते मोबाईल चार्ज करायला आले होते आणि बॅटरी भरेल तसतसे उठत गेले. (शेवटचा जाताना मला अंगठा दाखवून गेला. तो कौतुकाचा होता की नुसताच दाखवायचा, याचा उलगडा झालेला नाही.) ग्रंथपाल किल्ल्या बघायला म्हणून खाली गेले ते खालीच रमले. तुम्ही मात्र पाचव्या रांगेत, मांडीवर पिशवी घेऊन, शेवटपर्यंत बसून होतात.

मला हे कुणी शिकवलेलं नाही, हे तुम्ही जाणताच. कॅमेऱ्याबरोबर जे माहितीपुस्तक येतं ते मी ‘कॅमेरा पाण्यात टाकू नये’पासून सुरू करून मागच्या मुखपृष्ठावरच्या पत्त्यापर्यंत वाचतो. असं करणारा मी एकटाच असावा. तुम्ही मला एकदा विचारलं होतंत, ‘‘पण तुम्ही शिकलात कुणाकडे?’’, आणि मी पुस्तक पुढे केलं तेव्हा तुम्ही ‘‘असं का’’ म्हणालात. ते ‘असं का’ मी विसरलेलो नाही. त्यामुळे असा माणूस पिशवी मांडीवर घेऊन आपलं ऐकतो आहे हे पाहून मी जरा वाहवलो. पाऊण तास कधीच मागे पडला. मी रोलच्या काळात शिरलो. रोलमध्ये छत्तीस फोटो असायचे, म्हणून माणूस आधी बघायचा आणि मग काढायचा. आता आधी काढतो आणि बघायचं राहूनच जातं. लोक डोंगरावर जातात, डोंगराकडे पाठ करतात, आणि घरी आल्यावर मोबाईलमध्ये डोंगर शोधतात. मेगापिक्सेलबद्दलही मी खात्यातला दाखला दिला : पोत्यात दाणे जास्त भरले म्हणून धान्य चांगलं ठरत नाही, मेगापिक्सेल म्हणजे नुसते दाणे. (इथे हशा येईल असं मी धरलं होतं.)

मग मी कॅमेऱ्याच्या शहाणपणाकडे वळलो. हल्लीच्या कॅमेऱ्याला चेहरे ओळखू येतात. समोर माणसं असली की पडद्यावर तो प्रत्येकाच्या तोंडाभोवती एक पिवळा चौकोन आखतो. हे बोलून सांगण्यापेक्षा करून दाखवावं म्हणून मी कॅमेरा उचलला आणि सभागृहाकडे रोखला. दाखवणार कुणाला, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. कॅमेऱ्याने त्या सगळ्या खुर्च्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत शोधाशोध केली, आणि एकच चौकोन आखला. तुमच्याभोवती.

तेव्हा मला जे वाटलं ते लिहिण्याची मला सवय नाही. अ‍ॅपर्चर चार, शटर एक-तीसांश, कॅमेरा हातात धरलेला. एवढ्या शटरला माझा हात हलत नाही, हे आमच्या फोटोग्राफी क्लबात कुणीही सांगेल. हा फोटो मात्र केसभर हललेला आहे. खाली नृत्यवर्गाची दुसरी तुकडी सुरू झाली होती, त्यामुळे जमीन हादरत असावी.

फोटो निघाल्यावर कॅमेऱ्याने विचारलं, ‘डोळे मिटले आहेत का?’ हे तो कुणालाही विचारतो, त्यात व्यक्तिगत काही नसतं. माहितीपुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे की, चष्मा असल्यास किंवा चेहऱ्यावर सावली असल्यास ही सूचना चुकीची ठरू शकते. तुम्हाला चष्मा आहे. मी ‘नाही’ दाबलं. (तुम्ही झोप काढत होतात आणि मी फोटो, दोघंही काढतच होतो, असं हिने यावर म्हटलं. ही फार क्वचित विनोद करते आणि तोही चुकीच्या वेळी.) मी असं धरून चाललो की, जाणकार जसे गाणं डोळे मिटून ऐकतात तसे तुम्ही माझं व्याख्यान ऐकत आहात.

घरी येऊन संगणकावर मोठा करून पाहिला तेव्हा तोंड उघडं असल्याचं दिसलं. शिवाय उजवीकडून डावीकडे नेऊन जे केस तुम्ही इतक्या बंदोबस्तात ठेवता, ते आपल्या मूळ जागी परतून कानावर लोंबत होते. हे मी तुम्हाला दुखवायला लिहीत नाही, फोटोत आहे म्हणून लिहितो. पण प्रकाश असा पडला होता की मी बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही. पश्चिमेकडच्या खिडकीतून आलेलं ऊन त्या सगळ्या खुर्च्यांच्या पाठी ओलांडून तुमच्यापाशी येऊन थांबलं होतं. असा प्रकाश मी आयुष्यभर शोधतो आहे. त्यापायी तळी झाली, सूर्यास्त झाले, बगळे झाले, भल्या पहाटे उठून धुकंही झालं. तो सापडला तुमच्या टकलावर.

म्हणून मोठा केला आणि फ्रेमवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने फोटो दोन्ही हातांनी धरला, आवाज खाली आणला आणि विचारलं, ‘‘कधी गेले?’’

मी म्हटलं, ‘‘गेले नाहीत. बाकीचे गेले. हे राहिले.’’

त्याला ते कळलं नाही. त्याने काळी फ्रेम काढली होती, ती परत ठेवून तपकिरी दिली, एवढंच.

आता रविवारचं उरलेलं. तुम्ही त्या फोटोसमोर उभे राहिलात. चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा लावलात. मला वाटलं, प्रकाशाबद्दल काहीतरी म्हणाल. मी थोडा बाजूलाही झालो, म्हणजे तुमची सावली काचेवर पडणार नाही. पट्टीवरचं नाव वाचलंत. ही दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, तिने तो तसाच परत नेला. मग माझ्याकडे न बघता, हजेरी घेताना बोलत असाल अशा आवाजात तुम्ही म्हणालात, ‘‘मी ऐकत होतो.’’ आणि काढता पाय घेतलात.

ताई पिशवी उचलता उचलता मला जे बोलली ते इथे देतो, म्हणजे पत्रात काही लपवलं असं व्हायला नको. ती म्हणाली की, ज्या माणसाने वर्गात डुलक्या घेणाऱ्या पोरांना जन्मभर बाकावर उभं केलं, त्याला तू भिंतीवर झोपवलंस, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलंस. त्यातले निम्मे त्याचेच विद्यार्थी. मी म्हणालो, फोटोचं नाव ‘श्रोता’ आहे, ‘झोपलेला माणूस’ नाही. ताई म्हणाली, तेच तर. त्या ‘तेच तर’चा मी गेला आठवडाभर विचार करतो आहे. तुम्हाला ते नाव टोमणा वाटलं, असा त्याचा अर्थ असल्याचं ही सांगते. भावोजी, मला टोमणा मारता येत नाही, हे तुम्ही इतक्या वर्षांत पाहिलं असेल. जे दिसतं त्याला मी जे असेल ते नाव देतो. बगळ्याच्या फोटोखाली मी ‘बगळा’ लिहिलेलं आहे.

तरीसुद्धा खुलासा पुरा व्हावा म्हणून, तुम्ही ऐकत होतात की नव्हतात याचा मी पुराव्यानिशी तपास केला. त्याच दिवशी थोड्या वेळाने काढलेला दुसरा एक फोटो माझ्याकडे आहे. त्यात तुमची मान डावीकडून उजवीकडे गेलेली आहे. ही म्हणते, झोपलेला माणूस मान बदलतो. पण ऐकणारा माणूसही, बोलणारा इकडून तिकडे गेला की मान वळवतो, आणि मधल्या काळात मी फळ्यापासून खिडकीपर्यंत गेलो होतो. दुसरं असं की, व्याख्यान संपल्यावर टाळी वाजली. एकच वाजली, पण वाजली. खुर्ची आपटली असेल असं हिचं मत आहे; ही तिथे नव्हती. तिसरा पुरावा मोबाईलचा. त्यात आता फोटो आपोआप माणसागणिक लावले जातात. परवा त्याने तुमचा ओळखपत्रासाठी काढलेला फोटो आणि ‘श्रोता’ शेजारीशेजारी ठेवून मला विचारलं, ‘ही एकच व्यक्ती आहे का?’ खाली उत्तरं तीन : हो, नाही, सांगता येत नाही. मी बराच विचार करून तिसरं दाबलं. ओळखपत्रातले तुम्ही कुणाचंही दोन तास ऐकून घ्याल असं वाटत नाही. दुसऱ्या फोटोतल्याने घेतलं होतं.

सारांश असा : फोटो उत्तम आहे, नाव योग्य आहे, चूक क्रियापदाची आहे आणि ते क्रियापद माझं नव्हतं. फोटो त्या भिंतीवरून हलणार नाही. कलेच्या बाबतीत मी नात्याकडे बघत नाही. रविवारी उंबऱ्यात काढलेल्या फोटोची प्रत सोबत पाठवतो आहे. त्यात डोळे उघडे आहेत. जरा जास्तच उघडे आहेत, पण तुमच्याकडे दोन्ही प्रकार असलेले बरे.

ताईला माझा नमस्कार सांगावा, ती ऐकण्याच्या मनःस्थितीत असेल तेव्हा. गुडघ्याला जपावं, उतरताना कठडा धरावा.

तुमचा मेहुणा

ता. क. : वरचं पत्र काल रात्री लिहिलं. आज संध्याकाळी फोटो उतरवला आहे. याचा माझ्या भूमिकेशी संबंध नाही. त्या भिंतीला मागून ओल आली आहे की काय, ते बघायचं होतं. आलेली नाही. पण आता उतरवलाच आहे तर राहू दे.

आणखी ता. क. : मधल्या वेळात ग्रंथपाल भेटले होते, हेही सांगायला हवं. त्यांना ते व्याख्यान ग्रंथालयाच्या वार्षिक अंकात छापायचं आहे. मी विचारलं, तुम्ही तर खाली होतात, मग चांगलं झालं हे तुम्हाला कुणी सांगितलं? ते म्हणाले, तिथे शेवटपर्यंत बसलेल्या एका माणसाने त्याच दिवशी खाली येऊन सांगितलं, आणि नाव सांगू नका असंही बजावलं. तिथे शेवटपर्यंत कोण बसलं होतं, हे माझ्या फोटोत अगदी स्पष्ट दिसतं. चाळीस खुर्च्या आहेत, दुसरं कुणीच नाही. मी तडक घरी आलो आणि ओल बघितली.

खरं काम पुढेच आहे. मी कागद घेऊन बोलत नाही, त्यामुळे व्याख्यान लिहिलेलं नाही. मोबाईलवर आवाज भरून ठेवला होता. तो आज ओल बघून झाल्यावर पहिल्यांदा ऐकला. ‘‘आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगतो’’ या वाक्यापर्यंत तो स्वच्छ आहे. पुढे मोबाईलमधली जागा संपली. (जागा आधी तपासून घ्यावी, हे मी त्याच व्याख्यानात दोनदा बजावलेलं आहे; ते दोन्ही वेळा छान ऐकू येतं.) ती सगळ्यात महत्त्वाची गोष्ट काय होती, ते मला आता काही केल्या आठवत नाही. बोलताना स्वतःलाच आवडत होती, एवढंच आठवतं. ती ऐकलेला माणूस जगात एकच आहे. तेव्हा थोडा वेळ काढून यावं आणि मी काय म्हणालो ते मला सांगावं. ही म्हणते, जेवायलाच यावं. लिफ्ट चालू आहे. कॅमेरा आतल्या खोलीत राहील.

आता खरोखर शेवटचं : सगळंच आठवायला हवं असा आग्रह नाही. एवढ्या दिवसांनी कुणालाही आठवणार नाही. तुम्ही ऐकत होतात, तेव्हा तुम्ही जे सांगाल तेच मी बोललो होतो, आणि तेच छापून येईल.